रिकामी बादली

बाकाशेजारी मी एक दंताळं टेकवून ठेवलंय.
पाचोळा ओढायला नव्हे.
रस्त्यावर कुणाची चाहूल लागली
की चटकन उठून हातात धरायला.
दोन-चार ओढी मारायच्या,
मान वर करून म्हणायचं, काय, आज वारा आहे!
माणूस वळणाआड गेलं
की पुन्हा बूड टेकायचं.

तालिन सोडून दोन वर्षं झाली.
तिथे मी कंटेनर हलवायचे, हातांनी नव्हे, पडद्यावर.
हाम्बुर्ग, ग्दान्स्क, कोत्का.
झोपेतसुद्धा कुणीतरी विचारायचं, कुठवर आलं?
मी सांगायचे, येतंय, येतंय.
दात खाऊन खाऊन मागची दाढ तडकली.
दाताची डॉक्टर म्हणाली,
रात्री कुणाशी भांडता?

आता हीउमा बेटावर दोन खोल्या, भाड्याच्या.
आठवड्यातले तीन दिवस
धक्क्यावरच्या खिडकीत बोटीची तिकिटं देते.
उरलेले चार माझे.
माझे म्हणजे, कागदोपत्री.
एरवी त्यांच्यावर आईची नजर असते.
आई जाऊन अकरा वर्षं झाली.
सामूहिक शेतावर गाई पिळायची, पहाटे चारला उठून,
आणि रविवारी बसलीच तर
मांडीवर अर्धा विणलेला मोजा.
माझे हात मोकळे दिसले की म्हणायची,
काय गं, काही हरवलंय का तुझं?

आणि हा काल्यो.
अठ्ठ्याहत्तरचा, पाठीत जरा वाकलेला,
रोज सकाळी दहाला पत्र्याची बादली घेऊन
किनाऱ्याकडे जाणार,
दुपारी परत येणार.
मासळी असेल, बटाट्यांना घालायचं शेवाळ असेल,
मी कधी विचारलं नाही.
त्याची बादली दिसली
की माझ्या हातातलं दंताळं
आणखीच खोटं वाटायचं.

ऑक्टोबरात एकदा वाऱ्यानं
ती त्याच्या हातातून हिसकली.
खडखडत, गडगडत माझ्या कुंपणाशी आली.
मी उचलली.
हलकी. कोरडी ठणठणीत.
तळाशी कोळ्याचं जाळं, शाबूत,
आणि मधोमध त्याचा धनी.

काल्योनं बादलीकडे पाहिलं नाही.
दंताळ्याकडे पाहिलं.
दांड्यावरची दुकानातली चिठ्ठी
काढायची राहिली होती.
चौदा युरो नव्वद, त्यानं मोठ्यानं वाचलं,
आणि बाकावर येऊन बसला.

होडी विकली तेव्हापासून, तो म्हणाला.
बऱ्याच वेळानं म्हणाला,
रिकाम्या हातानं किनाऱ्यावर गेलं
की लोक विचारतात, तब्येत बरी आहे ना?

समोर जुनिपरच्या झुडपांपलीकडे समुद्र.
फारसं काही न करणारा.
तीन हंस. मग दोन. तिसरा कुठे गेला
हे बघण्यात किती वेळ गेला, कोण जाणे.

टपालाची गाडी वळली तेव्हा
माझा हात सवयीनं दांड्याकडे गेला.
काल्योनं दंताळ्यावर बूट ठेवला.
वाइकेनं काच खाली केली,
आम्हा दोघांना वरपासून खालपर्यंत पाहिलं.
काय चाललंय?
काही नाही, काल्यो म्हणाला.
पकडलेल्या माशाचं वजन सांगावं
तसं म्हणाला.
असं खणखणीत काही नाही
मी जन्मात ऐकलं नव्हतं.

सगळं एका दिवसात सुटत नाही.
अजून कधीकधी मी दंताळं उचलते,
अजून कधीकधी जीभ तडकलेल्या दाढेवर जाते.
काल्यो आता खिशात हात घालून जातो,
पहिला आठवडाभर लोकांनी तब्येत विचारली, मग सोडून दिलं.
बादली माझ्याकडेच आहे.
कोळ्याचं बिऱ्हाड मोडवलं नाही.

आज साडेतीनलाच अंधारून आलं.
मी बसून होते. चहा गार झाला, तो तसाच प्यायले.
आई आलीच, नेहमीसारखी,
काय गं, काही हरवलंय का तुझं?
हो, म्हटलं.
पण शोधत नाहीये.
सरक जरा, बस.